डॉटच्या पुढचं कोण सांभाळतं? .इन, .भारत आणि नवीन एक्स्टेंशनची पार्श्वभूमी

खरीप आला की आपल्या विदर्भातल्या गावागावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीकविमा, अनुदान, कर्जमाफीच्या लिंका फिरायला लागतात, आणि सेतू केंद्रावरची पोरं कास्तकाराला सांगतात की भाऊ, पत्त्यात जीओव्ही.इन आहे का ते आधी पाहा, नसेल तर आधार नंबर टाकू नका. सल्ला एकदम बरोबर आहे, कारण जीओव्ही.इन सरकारी संस्थांनाच मिळतं. पण बाकीच्या एक्स्टेंशनमागे, म्हणजे पत्त्यातल्या शेवटच्या डॉटनंतरच्या भागामागे, कोण उभं आहे हे समजायला थोडं मागं जावं लागतं.

1984 मध्ये ठरलं की .कॉम, .ऑर्ग अशी मोजकी नावं आणि सोबत प्रत्येक देशाला दोन अक्षरं. ही अक्षरं इंटरनेटवाल्यांनी स्वतः ठरवलीच नाहीत, आयएसओ 3166 ही देशांच्या कोडची आंतरराष्ट्रीय यादी आधीच होती ती उचलली, म्हणजे अमुक देश आहे की नाही हा वाद अंगावर यायला नको. ही नावं वाटायचं काम सांभाळणारे जॉन पोस्टेल यांनी 1994 च्या आरएफसी 1591 या इंटरनेटच्या दस्तऐवजात लिहिलं की डोमेनवर, म्हणजे अशा नावांवर, हक्क, मालकी असली भाषा नको, जबाबदारी आणि लोकांची सेवा बघा. मला वाटते आजपर्यंतचे सगळे वाद या एका वाक्याभोवती फिरतात.

आपलं .इन 1989 चं. सुरुवातीला मुंबईची एनसीएसटी ही सरकारी संगणक संशोधन संस्था ते सांभाळायची, नियम एवढे कडक की 2004 पर्यंत 7,000 च्या आसपासच नावं नोंदली गेली. तोवर आपल्या व्यापाऱ्यांनी, संस्थांनी .कॉम घेऊन टाकलं होतं, काऊन की ते लगेच मिळत होतं. मग सरकारने धोरण बदललं, काम निक्सीकडे (नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया) दिलं आणि 2005 च्या सुरुवातीला, मधे .को वगैरे न लावता, थेट .इन सगळ्यांसाठी खुलं झालं, भांडणं सोडवायला स्वतःचं वादनिवारण धोरणही आलं.

तिकडं 1998 मध्ये जगभरातल्या इंटरनेटच्या नावांचा कारभार पाहणारी आयकॅन ही संस्था झाली. तिने 2000 साली सात नवीन एक्स्टेंशन निवडले, त्यात सहकारी संस्थांसाठी .कूपही होतं, जे आपल्या सहकाराच्या पट्ट्यात तरी कुठं दिसत नाही. खरी उलथापालथ 2012 ची. अर्जाची फी 1,85,000 डॉलर, तरी 1,930 अर्ज आले, आणि त्यातून बाराशेच्या वर नवीन एक्स्टेंशन चालू झाले, .शॉप, .ऑनलाइन, .एक्सवायझेड असे.

आता देशाच्या कोडवर याचा परिणाम काय, तर फरक जबाबदारीचा आहे. नवीन एक्स्टेंशन चालवणारी कंपनी आयकॅनशी करार करते, तिचे नियम त्या करारातून येतात. देशाच्या कोडचं तसं नाही, कोणाला नाव द्यायचं, तक्रार कुठं ऐकायची हे त्या त्या देशात ठरतं, आयकॅनमध्ये त्यांचा सीसीएनएसओ नावाचा वेगळा मंच 2003 पासून आहे. म्हणून 2012 ला कुंपण घातलं गेलं: दोन इंग्रजी अक्षरांचं नवीन एक्स्टेंशन कोणालाच नाही, देशांची नावंही नाही, आणि महाराष्ट्रासारख्या राज्याचं नाव मागायचं तर सरकारचं पत्र लागेल. तरी भांडणं झालीच. .ॲमेझॉनवरून ब्राझील आणि पेरू वर्षानुवर्षं भांडले, भारताने .राम आणि .इंडियन्सला हरकत घेतली. नंतर नवीन एक्स्टेंशनच्या आधी देशाची दोन अक्षरं लावून, जसं इन.शॉप, पत्ता विकायचा का, यावरही सरकारं अडून बसली, शेवटी 2016 मध्ये आयकॅनने परवानगी दिली.

दुसरा परिणाम असा की पर्याय वाढले तसे देशांचे कोडही बाजारात उतरले. अँग्विला या छोट्या बेटाचं .एआय आता जगभर विकलं जातं आणि त्यातून त्या सरकारला मोठं उत्पन्न मिळतं. याला माझी हरकत नाही, पण दोन अक्षरं पाहून देश ओळखायचा ही खूण त्यामुळं कच्ची झाली हे खरं आहे.

मराठीपुरतं चांगलं झालं ते .भारत. आयकॅनने 2009 मध्ये देशांच्या लिपीतल्या कोडला मंजुरी दिली आणि 2014 च्या ऑगस्टमध्ये देवनागरी .भारत सुरू झालं, हिंदी, मराठी, कोकणी सगळ्यांसाठी एकच. पण अजूनही कितीतरी फॉर्म असा पत्ता किंवा ईमेल घेतच नाहीत, म्हणून गावात तो कोणी वापरत नाही, आणि हे दुरुस्त व्हायलाच पाहिजे, कारण ज्या माणसाला फक्त मराठी वाचता येते त्याला खरी-खोटी लिंक ओळखायला याचाच सगळ्यात जास्त उपयोग आहे.

सध्याचं मोठं पाऊल रिझर्व्ह बँकेचं. बँकांसाठी .बँक हे जागतिक एक्स्टेंशन आधीच होतं, तरी 2025 मध्ये तिने सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबरपर्यंत बँक.इनवर जायला सांगितलं, नोंदणी रिझर्व्ह बँकेनेच काढलेल्या हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडूनच. म्हणजे जबाबदारी देशातच ठेवली, आणि सहकारी बँकाही यात आल्या, हे मला लय आवडलं. पण आपल्याकडं कापूस, सोयाबीन विकून आलेला पैसा कितीतरी घरी पतसंस्थेत जातो, आणि पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत नाहीत, त्यामुळं बँक.इन त्यांच्यासाठी नाही. आयकॅनची पुढची फेरी 2026 ची आहे, फी 2,27,000 डॉलर, म्हणजे आणखी नवीन नावं येणार, त्याआधी सहकार खात्याने आणि निक्सीने पतसंस्थांसाठी .इनखालीच तपासून दिलेली वेगळी जागा काढावी.