बेळगावच्या थंड हवेत ॲक्सोलोटल जगतो का?

'ॲक्सोलोटल हा पायांचा मासा असून बेळगावसारख्या थंड हवेच्या गावात तो साध्या टाकीत गोल्डफिशबरोबर सहज राहतो', असा मजकूर अनेक वर्षे फिरतो आहे. बेळगाव-खानापूरची हवा पाहता तो पटणे स्वाभाविक आहे. मात्र हा प्राणी मासा नसून मेक्सिकोतील थंड पाण्यात राहणारा उभयचर आहे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना दिसणारे पिसांसारखे तीन-तीन तुरे म्हणजे त्याचे कल्ले असून ते प्रौढपणीही सहसा टिकून राहतात. त्याला साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. पाणी २४ अंशांपुढे गेले, की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो, त्याच वेळी प्राण्याच्या शरीराची गरज वाढते आणि तो अन्न सोडू लागतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये दुपारचा पारा ३५ अंशांपर्यंत चढतो. खात्रीसाठी प्राणी आणण्यापूर्वीच, उन्हाळ्यात, पाण्याने भरलेल्या टाकीत थर्मामीटर ठेवून पहाटे आणि दुपारी तीन वाजता नोंद घ्यावी. रात्री अंगणात गारवा जाणवला, तरी टाकीतले पाणी सावकाशच निवते. पाणी थंड ठेवणारे चिलर यंत्र घेणे शक्य नसेल, तर हा जीव घरी आणू नये, असे मी कळकळीने सांगेन. गोल्डफिशची सोबतही टाळावी, कारण ते हे नाजूक तुरे कुरतडतात.