फारकत वेगळी, नीती वेगळी

वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलं की एक वाक्य दरवर्षी ऐकावं लागतं : ‘जर्मनीच्या घटनेची सुरुवातच देवाच्या नावानं होते, तिथं कुणाचं काही बिघडलं का?’ मग समोरच्या बाजूचा वक्ता उठतो आणि जपान काढतो : ‘जपाननं महायुद्धानंतर धर्म सरकारातून हाकलला, म्हणून तो देश उभा राहिला.’ दोघांनाही टाळ्या पडतात. दोघंही चुकलेले असतात, आणि चूक एकच असते. दोन निराळ्या प्रश्नांची त्यांनी एक मोळी बांधलेली असते.

पहिला प्रश्न फारकतीचा. सरकार आणि धर्मसंस्था यांचा घरोबा किती? देवळाला, चर्चला सरकारी पैसा जातो का, शाळेत धर्म शिकवतात का, मंत्री कुठल्या नात्यानं पूजेला बसतो? हा हिशेबवहीचा प्रश्न आहे. दुसरा प्रश्न नीतीचा. संसदेनं बहुमतानं, सगळे नियम पाळून केलेला कायदासुद्धा अन्यायाचा असू शकतो हे मान्य असेल, तर तो अन्यायाचा आहे हे ठरवायचं कशावरून? हा पायाचा प्रश्न आहे. हिशेबवही चोख असून पाया कच्चा असू शकतो, आणि उलटंही होऊ शकतं.

मराठीत घोळ जास्त होतो, कारण ‘धर्म’ हा आपला शब्दच दोन्ही घरचा पाहुणा आहे. शेजारधर्म पाळायला देऊळ लागत नाही. पण ‘धर्मनिरपेक्ष’ म्हटलं की निम्म्या लोकांना ‘नीतिनिरपेक्ष’ ऐकू येतं. १९७६च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं उद्देशिकेत हा शब्द आला. घटनेच्या हिंदी पाठात तो ‘पंथनिरपेक्ष’ आहे, मराठी पाठात ‘धर्मनिरपेक्ष’. मला हिंदीतला शब्द अधिक नेमका वाटतो, पण आता ती गाडी सुटली. भारताचं पुढचं सगळं वाचकाला पाठ आहे, ते सोडतो.

आता जपान आणि जर्मनी. दोघंही १९४५मध्ये हरले आणि दोघांनाही नवी घटना करावी लागली. जपानची ३ मे १९४७पासून लागू झाली. पश्चिम जर्मनीची २३ मे १९४९ला जाहीर झाली.

फारकतीत जपान कडक. १५ डिसेंबर १९४५लाच अमेरिकी ताब्यातल्या प्रशासनानं हुकूम काढून शिंतो या जपानच्या पारंपरिक धर्माच्या देवस्थानांचा सरकारी आश्रय तोडला. पुढे घटनेत कलम २० आलं : सरकारनं धार्मिक शिक्षण द्यायचं नाही, कुठलंही धार्मिक कृत्य करायचं नाही. कलम ८९ म्हणतं, धर्मसंस्थेला सार्वजनिक पैसा नाही. जर्मनी सैल. तिथं अधिकृत राज्यचर्च नाही, हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पण सरकारी शाळेत धर्मशिक्षण हा नेहमीचा विषय आहे (कलम ७) आणि चर्चचा कर सरकारी करखातं गोळा करून देतं. बायर्न (बव्हेरिया) आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांत तो आयकराच्या ८ टक्के, इतरत्र ९ टक्के. म्युनिकला नोकरीसाठी गेलेली आपली मुलं पत्ता नोंदवताना फॉर्मवर धर्माचा रकाना बघून चक्रावतात, तो याचसाठी असतो. रविवारी दुकानं बंद म्हणून तीच मुलं कुरकुरतात, त्याचंही मूळ घटनेतच आहे. चर्चबद्दल एकमत होईना म्हणून १९४९ची घटना लिहिणाऱ्या सभासदांनी वायमार घटनेतली, म्हणजे हिटलरपूर्व जर्मन प्रजासत्ताकाच्या घटनेतली, १९१९ची कलमं जशीच्या तशी उचलली. त्यात रविवार हा विश्रांतीचा आणि ‘मनाच्या उन्नतीचा’ दिवस आहे.

आणि तो पहिल्या वाक्यातला देव? जर्मन जनता ‘देव आणि मानव यांच्यासमोरच्या आपल्या जबाबदारीची जाणीव ठेवून’ घटना करते आहे, एवढंच ते वाक्य. त्यावरून कुणाला नोकरी नाकारता येत नाही की कुठला कायदा पाडता येत नाही. त्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १९४९ला, आपल्या संविधान सभेत ह. वि. कामतांनी ‘देवाच्या नावाने’ हे शब्द सुचवले होते. आसामच्या रोहिणीकुमार चौधरींनी लगेच विचारलं, मग देवीच्या नावाने का नको? सूचना ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली. ती संमत झाली असती तरी देशाच्या कारभारात फार फरक पडला असता असं मला वाटत नाही. उद्देशिकेतल्या देवावर जेवढी शाई सांडते, तेवढ्याला तो पात्र नाही.

खरी ठेच लागते ती नीतीच्या प्रश्नाला. इथं दोन्ही देशांचा क्रम उलटापालटा होतो.

जपानपासून बघू. युद्धाआधीच्या जपानात धर्माचं राज्य होतं, असं सरसकट सांगितलं जातं. कागदावर तसं नव्हतं. सम्राट मेजींच्या काळातल्या १८८९च्या घटनेच्या कलम २८मध्ये धर्मस्वातंत्र्य दिलेलं होतं. अट एवढीच की शांतता बिघडू नये आणि प्रजेच्या कर्तव्याला बाध येऊ नये. सगळी गोम त्या ‘कर्तव्या’त. सरकारची भूमिका अशी की शिंतो देवस्थानांतले विधी हा धर्म नव्हेच, ती राष्ट्रीय नीती आहे, प्रजेचा शिष्टाचार आहे. १९००मध्ये गृहखात्यात देवस्थानांचं एक कार्यालय आणि धर्मांचं दुसरं कार्यालय अशी वाटणीही केली. म्हणजे बौद्ध आणि ख्रिस्ती हे ‘धर्म’, आणि शिंतो देवस्थानं धर्माच्या यादीतून बाहेर, म्हणून सगळ्यांवर बंधनकारक! शाळांतून १८९०ची सम्राटाची शिक्षणविषयक आज्ञा समारंभानं वाचली जायची. १८९१मध्ये टोकियोतले ख्रिस्ती शिक्षक उचिमुरा कान्झो त्या आज्ञेपुढे पुरेसे वाकले नाहीत, म्हणून त्यांची नोकरी गेली. १९३२मध्ये टोकियोच्या सोफिया या कॅथलिक विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी यासुकुनी या युद्धात पडलेल्यांच्या शिंतो देवस्थानापुढे वंदन करायचं नाकारलं आणि गहजब झाला. सरकारनं खुलासा केला की हे वंदन देशभक्तीचं आहे, धर्माचं नाही. १९३६मध्ये व्हॅटिकननंही तो मान्य केला.

म्हणजे धर्म मागच्या दारानं आला तेव्हा त्याच्या गळ्यात पाटी होती ‘नीती’ अशी. ‘हा धर्म नाही हो, ही तर आपली संस्कृती’ हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात, ते या इतिहासामुळे. धर्म म्हणून आला असता तर कलम २८ दाखवून त्याला अडवता तरी आलं असतं.

मग १९४७च्या घटनेनं धर्माबरोबर नीतीही बाहेर काढली का? जपान-जपान करणाऱ्या वक्त्यानं प्रस्तावना वाचलेली नसते, हे इथं उघडं पडतं. तीत म्हटलंय की राजकीय नीतीचे नियम सार्वत्रिक आहेत आणि ते पाळणं हे प्रत्येक राष्ट्राचं कर्तव्य आहे. जगातल्या कडक फारकतींपैकी एक जिथं आहे, त्या घटनेनंच नीतीच्या सार्वत्रिक नियमांची ग्वाही दिली आहे. बंद केली ती नीती सम्राटाच्या आज्ञेतून आणायची वाट. शाळेतला जुना नीतिशिक्षणाचा विषय १९४५ संपता संपता थांबवला गेला आणि १९४८च्या जूनमध्ये संसदेनं ती शिक्षणाज्ञाही रद्दबातल ठरवली.

जर्मनांचं दुखणं दुसरं होतं. ‘कायदा तो कायदा’ म्हणत न्यायाधीशांनी नाझींचे कायदे राबवले. वायमार काळात न्यायमंत्री राहिलेले गुस्ताव राडब्रुख यांनी १९४६मध्ये लेख लिहून मांडलं की कायदा असह्य म्हणावा इतका अन्यायी असेल तर त्यानं न्यायापुढे माघार घेतली पाहिजे. चर्चची मंडळी तेव्हा मानानं वावरत होती, जणू बारा वर्षं ती निव्वळ विरोधातच होती. हिटलरशी व्हॅटिकनचा करार १९३३च्या जुलैतला आहे, हे सोयीनं विसरलं गेलं. असो. घटनासमितीत सूचना आली की मानवी हक्क ‘देवानं दिलेले’ आहेत असं लिहावं. ती मान्य झाली नाही. उदारमतवादी टेओडोर हॉइस (पुढे तेच राष्ट्राध्यक्ष झाले) यांचं म्हणणं होतं की ‘मानवी प्रतिष्ठा’ हे विधान अर्थ न लावता तसंच ठेवावं. कुणी ते धर्मशास्त्रातून घेईल, कुणी तत्त्वज्ञानातून, कुणी नीतिविचारातून. म्हणून कलम १ साधं आहे : माणसाच्या प्रतिष्ठेला धक्का लावता येणार नाही. आणि कलम ७९ सांगतं की कलम १मधलं तत्त्व घटनादुरुस्तीनंही हलवता येणार नाही. पाया पक्का, पण त्यावर कुणा एकाच्या देवाचा शिक्का नाही. युद्धानंतरच्या घटनांमधली ही मला सगळ्यांत आवडणारी कारागिरी आहे.

पण पुढच्याच कलमात त्यांनी एक फट ठेवली. कलम २ म्हणतं, प्रत्येकाला आपलं व्यक्तिमत्त्व मोकळेपणानं फुलवायचा हक्क आहे, मात्र त्यानं इतरांचे हक्क, घटनात्मक व्यवस्था किंवा ‘नीतिनियम’ मोडू नयेत. कुठले नीतिनियम? कुणाचे? लिहिलेलं नाही.

१९५७च्या मे महिन्यात ती फट वापरली गेली. पुरुषांमधल्या समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं फौजदारी संहितेचं कलम १७५ जुनंच होतं, पण नाझींनी १९३५मध्ये ते अधिक कठोर केलं होतं, आणि पश्चिम जर्मनीनं तेच कठोर रूप चालू ठेवलं. प्रकरण जर्मनीच्या घटना न्यायालयासमोर आलं. न्यायालय म्हणालं, असे संबंध नीतिनियमांच्या विरुद्ध आहेत. ते कशावरून? तर जनतेतला मोठा भाग आपल्या वागण्याची मापं ज्यांच्या शिकवणीतून घेतो, त्या दोन मोठ्या ख्रिस्ती पंथांची भूमिका बघा. नाझी कायदे पुन्हा होऊ नयेत म्हणून लिहिलेल्या घटनेच्या आधारे नाझींनी कडक केलेलं कलम टिकलं! १९६९मध्ये ते सौम्य होईपर्यंत सुमारे ५०,००० पुरुषांना त्याखाली शिक्षा झाली. पूर्ण रद्द व्हायला १९९४ उजाडलं.

प्रस्तावनेतल्या देवानं यातलं काही केलेलं नाही. चर्चकर आणि शाळेतलं धर्मशिक्षण यांचाही हात नाही. नीतीचा रकाना मोकळा होता आणि न्यायाधीशांनी तो चर्चच्या शिकवणीनं भरला. ‘देव आहे म्हणून धोका’ म्हणणारे आणि ‘देव आहे तरी बिघडलं नाही’ म्हणणारे, दोघंही पुढच्या दाराकडे बघत उभे आहेत.

इराकचं उदाहरण कुणी दिलं तर ते तिसऱ्याच जातीचं आहे. २००५च्या घटनेतलं कलम २ थेट सांगतं की इस्लामच्या प्रस्थापित तत्त्वांविरुद्ध कायदा करता येणार नाही. आणि लगेच पुढे, लोकशाहीच्या तत्त्वांविरुद्धही नाही. इथं धर्म शोभेला नाही, कायदा तपासायचं माप म्हणून बसवलाय, तेही दुसऱ्या मापाच्या शेजारी. जर्मन प्रस्तावनेची तुलना याच्याशी करणाऱ्याला मी सरळ गुण कमी करतो.

आता जपानचं एक प्रकरण, कारण ते आपल्याला घरचं वाटेल. १९६५मध्ये त्सू नावाच्या शहराच्या पालिकेनं व्यायामशाळा बांधायला घेतली आणि आधी जागेचं भूमिपूजन केलं. शिंतो पुरोहित, नैवेद्य, सगळं रीतसर. खर्च ७,६६३ येन, पालिकेच्या तिजोरीतून. एक नगरसेवक कोर्टात गेला. नागोयाच्या उच्च न्यायालयानं १९७१मध्ये हे घटनाबाह्य ठरवलं; १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं. बहुमत म्हणालं, हा आता सामाजिक रिवाज आहे, हेतू आणि परिणाम बघता धर्माला उत्तेजन मिळत नाही. पाच न्यायाधीश असहमत होते. मी त्या पाचांच्या बाजूचा. वीस वर्षांनी, १९९७मध्ये, एहिमे प्रांताच्या सरकारनं यासुकुनीला दिलेली दक्षिणा मात्र त्याच न्यायालयानं घटनाबाह्य ठरवली. तिथंही सरकारचा बचाव रिवाजाचाच होता.

हल्ली स्पर्धेत प्रश्नोत्तराच्या फेरीत मी हेच विचारतो : त्सूचं भूमिपूजन धर्म की रिवाज? मुलं दहा मिनिटं परंपरा, श्रद्धा, संस्कृती बोलतात. यंदा एका मुलीनं उलट मलाच विचारलं, ‘सर, भटजींचे पैसे कुणी दिले?’

तिला पहिला क्रमांक दिला.