गव्हाच्या तांबेरा-प्रतिकाराचे जनुकशास्त्र

तांबेरा या बुरशीजन्य रोगाला गव्हाचे रोप उपजतच जो प्रतिकार करते, त्यामागच्या जनुकांचा अभ्यास. माळव्यात हे काम मुख्यतः भारतीय कृषी अनुसंधान संस्थेच्या इंदूर केंद्रात चालते. ‘एचआय’ अक्षरांनी सुरू होणारे गव्हाचे वाण तिथलेच.

पिवळ्या तांबेऱ्याला थंडी मानवते, तो पंजाब-हिमाचलाकडचा. माळव्याला धास्ती खोडावरच्या काळ्या आणि पानांवरच्या तपकिरी तांबेऱ्याची. उन्हाळ्यात मैदानात गहू नसतो, तेव्हा ही बुरशी निलगिरीच्या डोंगरांत तगून राहते आणि तिचे बीजाणू वाऱ्याबरोबर उत्तरेला येतात. माळवा ऐन वाटेवर. १९४६-४७ साली मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची मोठी साथ आली होती.

हा प्रतिकार मेंडेलच्या नियमांनी पुढच्या पिढीत उतरतो, हे ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ बिफेन यांनी १९०५ मध्ये पिवळ्या तांबेऱ्यावर दाखवले. पुढे अमेरिकी वनस्पतिरोगतज्ज्ञ फ्लोर यांनी जवसाच्या तांबेऱ्यावर काम करताना पाहिले, की रोपातल्या प्रतिकारक जनुकाला बुरशीतही एक जोडीदार जनुक असते. बुरशीने पेशीत सोडलेले प्रथिन रोप ओळखते आणि लागण झालेल्या जागेच्या पेशी स्वतःच मारून टाकते. तांबेरा जिवंत पेशींवरच जगतो, त्यामुळे तो तिथेच उपाशी मरतो. पण बुरशीचे ते प्रथिन बदलले, की रोपाला तिची ओळखच पटत नाही. राय या धान्यापासून गव्हात आणलेले एसआर३१ हे जनुक (‘एसआर’ म्हणजे काळ्या तांबेऱ्याविरुद्धचे, ‘एलआर’ म्हणजे तपकिरी तांबेऱ्याविरुद्धचे) जगभर भरवशाचे मानले गेले होते. १९९८ मध्ये युगांडात आढळलेल्या, ‘यूजी९९’ नावाने ओळखल्या गेलेल्या काळ्या तांबेऱ्याच्या प्रकाराने ते निकामी केले.

म्हणून एकाच बलवान जनुकावर विसंबलेला वाण कितीही स्वच्छ दिसला तरी त्याचा भरवसा थोडाच. एसआर२ आणि एलआर३४ ही जनुके रोग पूर्ण अडवत नाहीत, त्याचा वेग मंदावतात. पानावर थोडा तांबेरा दिसतो, पण ती दशकानुदशके टिकली आहेत. एसआर२ असलेल्या रोपाच्या तुसांवर आणि पेरांवर अनेकदा काळपट छटा येते, आणि पैदासकार तीच खूण धरून निवड करतात.

माळवी गव्हाचे, म्हणजे महाराष्ट्रातल्या बन्सीचे (ड्युरम गव्हाचे), गणित मात्र वेगळे. नेहमीच्या गव्हात गुणसूत्रांचे ‘ए’, ‘बी’ आणि ‘डी’ असे तीन संच असतात. एलआर३४ सातव्या ‘डी’ गुणसूत्रावर असते आणि २८ गुणसूत्रांच्या या गव्हात ‘डी’ संचच नसतो. त्याला मदत होते ती २८ गुणसूत्रांच्याच खपलीची. काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी वनस्पतिरोगतज्ज्ञ स्टॅकमन यांनी अमेरिकेत ठरवलेल्या बारा गव्हांत ‘खपली’ याच नावाने ती होती, आणि यूजी९९लाही दाद न देणारे एसआर१३ हे जनुक तिच्यात सापडते.