वर्णभेदाची भरपाई (अमेरिका)

गुलामगिरी आणि तिच्यामागून आलेला कायदेशीर वर्णभेद यांमुळे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे जे नुकसान झाले, ते कोणी, कोणाला आणि कसे भरून द्यावे याविषयीचा तिथला जुना व अजून न मिटलेला वाद. त्याच्या दोन वाटा आहेत. पैसा, जमीन किंवा घर देऊन थेट भरपाई करावी ही एक. तिला तिकडे ‘रेपरेशन्स’ म्हणतात. शिक्षण, नोकऱ्या आणि सरकारी कंत्राटे यांत मागे ठेवल्या गेलेल्यांना जाणीवपूर्वक पुढे आणावे ही दुसरी. ती ‘अफर्मेटिव्ह ॲक्शन’. मराठी वर्तमानपत्रांत या दुसऱ्या वाटेचे भाषांतर सर्रास ‘आरक्षण’ असे होते आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. भारतात राखीव जागांना राज्यघटनेतच आधार आहे. अमेरिकेत मात्र विद्यापीठाने वंश पाहून जागा राखून ठेवणे १९७८ पासून घटनाबाह्य ठरलेले आहे.

भरपाईची मागणी गुलामगिरीच्या अंतानंतर सुचलेली नाही. मॅसॅच्युसेट्समधला बडा गुलाममालक आयझॅक रॉयल स्वातंत्र्ययुद्ध पेटताच देश सोडून गेला. त्याच्या घरी पन्नास वर्षे राबलेल्या बेलिंडा नावाच्या आफ्रिकेत जन्मलेल्या स्त्रीने १७८३ मध्ये विधिमंडळाकडे अर्ज केला. ही संपत्ती काही अंशी माझ्याच कष्टांतून उभी राहिली आणि तिच्यातला एक घासही मला मिळू नये, हे त्या अर्जाचे म्हणणे. विधिमंडळाने रॉयलच्या मालमत्तेतून तिला वर्षाला १५ पौंड १२ शिलिंग मंजूर केले. पैसे लवकरच थांबले आणि म्हातारीला पुन्हा पुन्हा अर्ज करावे लागले. रॉयलच्या मृत्युपत्रातल्या देणगीतून पुढे हार्वर्ड विद्यापीठात कायद्याचे पहिले अध्यासन सुरू झाले. त्याच्या घराण्याच्या चिन्हातल्या गव्हाच्या तीन पेंढ्या हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाच्या ढालीवर मिरवत होत्या; विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर २०१६ मध्ये त्या काढल्या. हार्वर्डचे नाव या नोंदीत पुन्हा येणार आहे.

अमेरिकन सरकारने गुलामगिरीची भरपाई दिलीच नाही असे नाही. ती दिली मालकांना. १८६२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमधले गुलाम मुक्त करताना सरकारनिष्ठ मालकांना दर गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत रक्कम मिळाली. मुक्त झालेल्यांसाठीही त्याच कायद्यात १०० डॉलरपर्यंतची तरतूद होती, पण हैती किंवा लायबेरियाला कायमचे निघून जायची तयारी असेल तरच.

‘चाळीस एकर आणि एक खेचर’ हा शब्दप्रयोग आजही या वादात घोषणेसारखा वापरतात. त्याचे मूळ यादवी युद्धाच्या अखेरीस, जॉर्जियातल्या सव्हाना शहरात १२ जानेवारी १८६५ च्या संध्याकाळी झालेल्या एका बैठकीत आहे. उत्तरेच्या सैन्याचे जनरल विल्यम शर्मन आणि युद्धमंत्री एडविन स्टँटन यांच्यासमोर वीस कृष्णवर्णीय धर्मोपदेशक बसले होते. त्यांच्या वतीने बोलले गॅरिसन फ्रेझियर. वय ६७, सोन्याचांदीच्या नाण्यांत हजार डॉलर मोजून स्वतःची व बायकोची सुटका विकत घेतलेले. तुमच्या लोकांना काय हवे, असे विचारल्यावर त्यांनी जमीन मागितली: आमच्या हातांनी ती कसू आणि आमचे आम्ही पाहू. गोऱ्यांमध्ये मिसळून राहाल की वेगळे, या प्रश्नावर ते ‘वेगळे’ म्हणाले, कारण दक्षिणेतला आकस जायला वर्षे लागतील. हजर असलेल्यांपैकी जेम्स लिंच या एकट्याचे मत निराळे पडले. म्हणजे एकत्र की स्वतंत्र हा वादही पहिल्या दिवसापासूनचा. चारच दिवसांनी शर्मनचा हुकूम क्रमांक १५ निघाला. चार्ल्सटनच्या दक्षिणेकडची बेटे, नद्यांकाठची ओस पडलेली भातखाचरे आणि फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीलगतचा मुलूख कुटुंबामागे जास्तीत जास्त ४० एकर या हिशेबाने वाटायचा ठरला. हुकमात खेचराचा उल्लेख नाही. लष्कराची जास्तीची खेचरे नंतर मिळाली. सुमारे ४०,००० माणसे तिथे वसली. लिंकनच्या हत्येनंतर आलेले राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी बंडखोर मालकांना माफी दिली आणि बहुतेक जमीन त्यांच्याकडे परत गेली. पेरलेले पीक तसेच टाकून लोक उठवले गेले.

पुढची मोठी चळवळ आज फारशी कोणाला आठवत नाही. नॅशव्हिलची कॅली हाउस ही गुलामगिरीत जन्मलेली धोबीण. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिने वृद्ध माजी गुलामांना सैनिकांप्रमाणे निवृत्तिवेतन मिळावे म्हणून गावोगाव संघटना बांधली. १९१५ मध्ये तिच्या सहकाऱ्यांनी सरकारवर दावा लावला: गुलामांनी पिकवलेल्या कापसावर जमा झालेला सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलरचा कर आमचा आहे. दावा फेटाळला गेला. हाउसवर टपालातून फसवणूक केल्याचा खटला भरून १९१७ मध्ये तिला तुरुंगात धाडले. जे निवृत्तिवेतन मिळणे शक्यच नाही त्याची आशा दाखवून ती वर्गणी घेते, असा आरोप होता.

गुलामगिरीला दीडशे वर्षे उलटली, आता कसली भरपाई, हा विरोधकांचा नेहमीचा सवाल असतो. त्याला खरे उत्तर विसाव्या शतकात सापडते. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने शेतमजूर आणि घरकामगार यांना वगळले, आणि दक्षिणेतले बहुतेक कृष्णवर्णीय हीच कामे करत. १९३४ पासून संघराज्याची गृहकर्जहमी सुरू झाली. भाडेकरू अमेरिका घरमालक झाली ती तिच्या जोरावर. मात्र कृष्णवर्णीय वस्त्यांना ‘धोक्याच्या’ ठरवून हमी नाकारली जाई. तशा वस्त्या सरकारी नकाशांवर लाल रंगवलेल्या असत, म्हणून या प्रथेला ‘रेडलायनिंग’ नाव पडले. १९६८ च्या कायद्याने तिला बंदी आली. घर हीच मध्यमवर्गाची पुंजी असल्याने फरक पिढ्यान्‌पिढ्या साचत गेला: मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती २,८५,००० डॉलर, कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. हे नुकसान सोसलेली माणसे आणि त्यांची मुले आजही हयात आहेत.

‘अफर्मेटिव्ह ॲक्शन’ हा शब्द या अर्थाने केनेडी यांच्या १९६१ च्या आदेशात आला. लिंडन जॉन्सन यांनी १९६५ मध्ये हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठातल्या भाषणात त्याला तर्क दिला: वर्षानुवर्षे बेड्यांत ठेवलेल्या माणसाला सोडून शर्यतीच्या रेषेवर आणून उभे करायचे आणि आता पळ म्हणायचे, याला न्याय म्हणत नाहीत. त्याच वर्षी सरकारी कंत्राटदारांना हे धोरण बंधनकारक करणारा आदेश क्रमांक ११२४६ निघाला.

या तर्काला न्यायालयात वेगळेच वळण मिळाले. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या वैद्यकीय महाविद्यालयाने १०० पैकी १६ जागा अल्पसंख्याकांसाठी वेगळ्या ठेवल्या होत्या. ॲलन बाकी हा दोनदा प्रवेश नाकारलेला गोरा अभियंता न्यायालयात गेला. १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालय चार विरुद्ध चार असे दुभंगले आणि न्या. लुइस पॉवेल यांचे एकट्याचे मत निर्णायक ठरले. कोटा रद्द, वंशाचा विचार इतर गोष्टींबरोबर चालेल, पण तो समाजाने केलेल्या जुन्या अन्यायाच्या परिमार्जनासाठी नव्हे, तर वर्गात विविधता यावी म्हणून. न्या. थरगुड मार्शल यांनी आपल्या मतपत्रात गुलामगिरीपासूनचा इतिहास मांडला, त्याचा उपयोग झाला नाही. माझ्या मते या वादातली सर्वांत मोठी चूक इथेच झाली. उपायाचे कारण इतिहास होते, आणि पुढची ४५ वर्षे विद्यापीठांना इतिहासाचे नाव न घेता तोच उपाय ‘सर्वांच्या शैक्षणिक फायद्याचा’ म्हणून मांडावा लागला. मिशिगन विद्यापीठ १५० गुणांच्या तक्त्यात अल्पसंख्याकांना सरसकट २० गुण देई. २००३ मध्ये ते घटनाबाह्य ठरले. त्याच दिवशी तिथल्याच विधी महाविद्यालयाची, एकेका अर्जाचा समग्र विचार करणारी पद्धत मात्र टिकली. २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत न्यायालयाने प्रवेशात वंश विचारात घेणेही संपवले. आपल्या वंशाचा आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थ्याने निबंधात लिहिले तर ते विचारात घेता येईल, एवढी फट उरली. जॉन्सन यांचा ११२४६ क्रमांकाचा आदेश ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला.

हार्वर्डवरच्या खटल्यात तक्रार आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांच्या नावाने होती, त्यामुळे अमेरिकेतल्या मराठी घरांनाही हा विषय परका राहिला नाही. पण महाराष्ट्राचा त्याच्याशी संबंध याहून जुना आहे. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. त्या मुक्तीनंतर हातात जमीन आली नाही, ही बाजू अर्पणपत्रिकेत नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या निग्रोंच्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. अस्पृश्यांनीही तसे करावे असे त्यांच्या मनात होते.

विरोधकांना एका रांगेत उभे करता येत नाही. दोषी मेले, पीडितही मेले, मग काल आलेल्या स्थलांतरिताने कर का भरावा, हे एक म्हणणे. अर्थतज्ज्ञ थॉमस सोवेल यांचा आक्षेप असा की सवलती त्या गटातल्या आधीच बऱ्या स्थितीतल्यांना मिळतात. महाराष्ट्रात हा मुद्दा ‘क्रीमी लेयर’च्या चर्चेत रोज ऐकू येतो. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. क्लॅरेन्स टॉमस स्वतः कृष्णवर्णीय आणि येल विद्यापीठाचे पदवीधर. वंशामुळे प्रवेश मिळाला असे नोकरी देणारे गृहीत धरत, म्हणून त्यांनी सिगारच्या पाकिटावरची १५ सेंट किमतीची चिठ्ठी आपल्या पदवीच्या चौकटीवर चिकटवली होती: पदवीची किंमत एवढीच, या अर्थाने. समर्थकांतही एकमत नाही. अर्थतज्ज्ञ विल्यम डॅरिटी आणि लेखिका कर्स्टन मुलेन यांच्या मते भरपाई संघराज्य सरकारनेच द्यावी आणि ती पूर्वज अमेरिकेत गुलाम असल्याचे दाखवू शकणाऱ्यांनाच मिळावी. म्हणजे जमैका किंवा नायजेरियातून अलीकडे आलेले कुटुंब त्यात बसत नाही.

पूर्वउदाहरण आहे: दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी वंशाच्या हयात अमेरिकनांना १९८८ च्या कायद्याने प्रत्येकी २०,००० डॉलर आणि माफी मिळाली. कृष्णवर्णीयांसाठी केवळ अभ्यास आयोग नेमावा, एवढेच मागणारे विधेयक अमेरिकी संसदेतले सदस्य जॉन कॉनयर्स यांनी १९८९ मध्ये मांडले. चाळीस एकरांची आठवण म्हणून त्याचा क्रमांक ४० ठेवला जातो. ते २०२१ मध्ये पहिल्यांदा समितीतून पुढे सरकले, पण त्यापुढे अडले.

हालचाल झाली ती खाली, गावपातळीवर. इलिनॉयमधल्या एव्हन्स्टन शहराने गांजाच्या विक्रीवरच्या करातून, १९१९ ते १९६९ या काळात तिथे राहिलेल्या कृष्णवर्णीयांना व त्यांच्या वंशजांना घरासाठी २५,००० डॉलर द्यायला सुरुवात केली. २०२४ मध्ये त्यालाही न्यायालयात आव्हान मिळाले. सर्वांत स्वच्छ हिशेब लॉस एंजेलिसजवळच्या मॅनहॅटन बीचवर झाला. विला आणि चार्ल्स ब्रूस या जोडप्याने १९१२ पासून तिथे कृष्णवर्णीयांसाठी समुद्रकाठी विश्रामगृह चालवले. गोऱ्या शेजाऱ्यांनी छळ केला, आणि १९२४ मध्ये नगरपालिकेने बागेसाठी म्हणून जमीन सक्तीने संपादन केली. बाग कित्येक दशके झालीच नाही. इथे जमीन कोणती, घेतली कोणी, वारस कोण, सगळे कागदावर होते, म्हणून पुढे काउंटीकडे (जिल्हा प्रशासनाकडे) गेलेली ती जमीन २०२२ मध्ये काउंटीला परत करता आली. त्या जागेवर काउंटीच्या जीवरक्षकांचे प्रशिक्षण केंद्र उभे होते. वारसांनी ती काउंटीलाच वर्षाला ४,१३,००० डॉलर भाड्याने दिली आणि २०२३ मध्ये सुमारे २ कोटी डॉलरला विकून टाकली.