अर्लिंग्टन: डॅलस आणि फोर्ट वर्थच्या मधले शहर

2020 च्या जनगणनेत टेक्सासमधल्या अर्लिंग्टनची लोकसंख्या 3,94,266 भरली. न्यू ऑर्लिन्स, क्लीव्हलंड, पिट्सबर्ग ही जगभर ठाऊक असलेली शहरे यापेक्षा लहान आहेत. तरी अर्लिंग्टनचे नाव फारसे कोणाला माहीत नसते, कारण पश्चिमेला 20 किलोमीटरवर फोर्ट वर्थ आणि पूर्वेला साधारण 32 किलोमीटरवर डॅलस. ‘डॅलस काउबॉइज’ हा अमेरिकन फुटबॉलचा संघ घरचे सामने खेळतो अर्लिंग्टनमध्ये. 2026 च्या फिफा विश्वचषकाचे एका उपांत्य सामन्यासह नऊ सामने याच शहराच्या वाट्याला आले, पण स्पर्धेपुरते मैदानाचे नाव ठरले ‘डॅलस स्टेडियम’. ठाणे-कल्याणच्या मधल्या डोंबिवलीला निदान लोकल तरी आहे. अर्लिंग्टनला तीही नाही आणि ठरलेल्या मार्गावर धावणारी नगरपालिकेची बसही नाही. अब्जावधी डॉलरची दोन स्टेडियम आहेत आणि बस नाही, हे कोडे शहराच्या जागेशी आणि विक्रीकराच्या हिशोबाशी बांधलेले आहे.

मुळात ही वस्ती रेल्वेने घातलेली. त्याआधी व्हिलेज क्रीक या ओढ्याकाठी कॅडो आणि इतर मूळनिवासी लोकांची गावे होती. मे 1841 मध्ये टेक्सास प्रजासत्ताकाच्या (टेक्सास तेव्हा स्वतंत्र देश होता) सैनिकांनी ती उद्ध्वस्त केली आणि 1843 मध्ये जवळच्या बर्ड्स फोर्टला तह झाला. गोऱ्या वसाहतवाल्यांनी पुढे जॉन्सन स्टेशन नावाचे ठाणे वसवले. टेक्सास अँड पॅसिफिक कंपनीने 1876 मध्ये डॅलसहून फोर्ट वर्थकडे रूळ टाकले, ते मात्र या ठाण्याच्या सुमारे पाच किलोमीटर उत्तरेकडून. दुकाने, गोदामे, कापसाचा व्यापार सगळे उचलून रुळांकाठी आले आणि जॉन्सन स्टेशन मागे पडले. नव्या गावाला अमेरिकन यादवीत दक्षिणेकडून लढलेले जनरल रॉबर्ट ली यांच्या व्हर्जिनियातल्या घराचे नाव मिळाले. 1884 मध्ये नगरपालिका झाली.

गंमत म्हणजे, वस्ती हजार-दोन हजारांची असताना या गावात सार्वजनिक वाहतूक उत्तम होती. 1902 पासून डॅलस आणि फोर्ट वर्थच्या दरम्यान विजेची आंतरशहर गाडी धावत असे आणि ती अर्लिंग्टनच्या भर बाजारातून जाई. मोटारी आणि पक्के रस्ते आल्यावर तिचे प्रवासी गळाले. 1934 च्या नाताळच्या आदल्या दिवशी ती कायमची बंद झाली.

दोन मोठ्या शहरांच्या मध्ये असण्याचा फायदा आधी हेरला तो जुगारवाल्यांनी. डॅलस-फोर्ट वर्थ रस्त्यावरच्या एका टेकडीवर ‘टॉप ओ हिल टेरेस’ नावाचा बेकायदा जुगारअड्डा चाले. वर चहाची खोली, खाली तळघरात पत्त्यांची टेबले आणि छापा पडला तर निसटायला भुयार. 1947 च्या मोठ्या धाडीनंतर त्याचे दिवस भरले, आणि पुढे तीच जागा बाप्टिस्ट धर्मशिक्षणाच्या संस्थेकडे गेली. 1929 मध्ये उघडलेल्या ‘अर्लिंग्टन डाउन्स’ या रेसकोर्सचे आयुष्य तर कायद्यावरच टांगलेले होते. टेक्सासने 1933 मध्ये घोड्यांवरच्या पैजेला परवानगी दिली, 1937 मध्ये ती काढून घेतली आणि रेसकोर्स आटोपला. दोन्ही शहरांतला पैसेवाला माणूस करमणुकीसाठी अर्ध्या वाटेवर थांबतो, ही खूणगाठ मात्र राहिली.

1950 मध्ये गावाची लोकसंख्या होती 7,692. पुढच्या वर्षी टॉम व्हॅंडरग्रिफ हा पंचविशीतला तरुण महापौर झाला आणि 1977 पर्यंत त्या खुर्चीवर राहिला. घरात शेव्हरोले मोटारींच्या विक्रीचा धंदा, त्यामुळे जनरल मोटर्सशी ओळख. या कंपनीचा जुळणी कारखाना त्याने गावात आणला आणि 1954 मध्ये तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. आजही टाहो, सबर्बन, एस्कलेड या अजस्र गाड्या इथेच बनतात.

कारखाना आला तशी घरे आली, आणि घरांना पाणी हवे. टेक्सासमध्ये तेव्हा वर्षानुवर्षांचा दुष्काळ. व्हिलेज क्रीकवर धरण बांधून तळे करायचे ठरले, तेव्हा ते भरायला कैक वर्षे लागतील असा अंदाज होता. 1957 च्या वसंतात दुष्काळ असा फिटला की लेक अर्लिंग्टन काही आठवड्यांत तुडुंब झाले. मूळनिवाशांच्या जुन्या गावठाणांचा काही भाग त्या पाण्याखाली गेला.

त्याच वर्षी डॅलस-फोर्ट वर्थ टर्नपाइक हा 30 मैलांचा टोलरस्ता सुरू झाला. तो अर्लिंग्टनच्या उत्तर भागातून जातो. शहराच्या पुढच्या सगळ्या घडामोडी या रस्त्याच्या दोन-तीन एक्झिटांभोवती झाल्या आहेत. कर्जरोखे मुदतीच्या बऱ्याच आधी फिटले म्हणून 1977 च्या अखेरीस टोल खरोखरच बंद झाला (टोलनाक्यांशी आयुष्यभर नाते जडलेल्या आपल्या लोकांनी हे वाक्य दोनदा वाचले तरी चालेल). आज तो इंटरस्टेट 30.

टर्नपाइकलगतची जमीन अँगस विन या बांधकाम व्यावसायिकाने औद्योगिक वसाहतीसाठी हाताशी धरली होती. कारखाने यायला वेळ लागेल, तोवर जमिनीने काहीतरी कमवावे म्हणून त्याने 1961 मध्ये ‘सिक्स फ्लॅग्ज ओव्हर टेक्सास’ हे उद्यान काढले. टेक्सासवर आजवर फडकलेले सहा ध्वज ही त्यामागची कल्पना: स्पेन, फ्रान्स, मेक्सिको, टेक्सास प्रजासत्ताक, यादवीत अमेरिकेतून फुटलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा महासंघ आणि अमेरिका. तात्पुरता म्हणून काढलेला धंदाच कायमचा ठरला. 1963 मध्ये ओंडक्याच्या होडीतून पाण्यात घसरण्याचा पाळणा इथेच पहिल्यांदा आला. जगभरच्या उद्यानांतल्या ‘लॉग फ्लूम’चे मूळ ते.

हे यश पाहून नगरपालिकेलाही वाटले, आपणही काढावे. 1972 मध्ये रोखे काढून ‘सेव्हन सीज’ हे सागरी प्राण्यांचे उद्यान बांधले गेले. समुद्र इथून चारशेहून अधिक किलोमीटरवर. देवमासा, सील, पेंग्विन यांना पोसायला लागणारे खारे पाणी बनवायचे, थंड ठेवायचे आणि बाराही महिने गाळायचे, हा खर्च उन्हाळी मोसमाच्या तिकिटांतून निघणारा नव्हता. चार-पाच वर्षांत उद्यानाला कुलूप लागले. जमीनमालक खाजगी असला तर तोटा त्याचा. इथे तो करदात्यांच्या डोक्यावर बसला.

त्याच 1972 मध्ये व्हॅंडरग्रिफचा दुसरा डाव मात्र लागला. वॉशिंग्टन सेनेटर्स हा बेसबॉलचा संघ तो अर्लिंग्टनला घेऊन आला आणि तोच ‘टेक्सास रेंजर्स’ झाला. त्यासाठी टर्नपाइकशेजारचे 1965 मधले दहा हजार आसनांचे स्टेडियम वाढवत 35 हजारांवर नेले. जागा नैसर्गिक खोलगट असल्याने मैदान भोवतालच्या पार्किंगपेक्षा कित्येक फूट खाली होते. कडेने रांगा चढवत न्यायच्या, एवढेच काम. पण छप्पर नाही, सावली नाही. बाहेरच्या बाजूचे धातूचे बाक जुलैच्या उन्हात तव्यासारखे तापत. म्हणून एरवी दुपारी होणारे रविवारचे सामनेसुद्धा इथे उन्हाळ्यात रात्री ठेवावे लागत.

आता कराकडे. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. शहरे मालमत्ता कर आणि विक्रीकर यांवर चालतात. 100 डॉलरच्या खरेदीवर राज्य 6.25 डॉलर घेते आणि स्थानिक संस्था सगळ्या मिळून जास्तीत जास्त 2 डॉलर घेऊ शकतात. त्यापलीकडे जायला कायद्याने मनाई आहे. किराणा आणि औषधे वगळलेली, पण हॉटेलातले जेवण, कपडे अशा खरेदीवर हा कर लागतो, आणि तो भरणाऱ्यांत बाहेरगावचे पुष्कळ असतात. दोन शहरांच्या मधल्या गावाला हे आयते कुरण.

1991 मध्ये मतदारांनी डॉलरमागे अर्ध्या सेंटचा जादा कर मान्य केला, तो नव्या बेसबॉल मैदानासाठी; शहराच्या वाट्याची मर्यादा 13.5 कोटी डॉलर. तेव्हा संघाच्या मालकगटाचे व्यवस्थापकीय भागीदार होते जॉर्ज डब्ल्यू. बुश, पुढचे राष्ट्राध्यक्ष. लगतच्या काही जमिनी सक्तीने घेतल्या गेल्या. प्रकरण कोर्टात गेले, आणि ज्यूरीने दिलेली भरपाई मूळ देकाराच्या कितीतरी पट निघाली. मैदान 1994 मध्ये खुले झाले, कर्ज 2001 मध्ये, म्हणजे मुदतीआधी दहा वर्षे, फिटले आणि तो अर्धा सेंट बंद झाला.

या क्षणी कराच्या ताटात जागा मोकळी होती. 2002 मध्ये पाव सेंट बससेवेसाठी मागितला गेला. मतदारांनी तो नाकारला. 1980 च्या दशकातही प्रादेशिक वाहतुकीचे प्रस्ताव असेच पडले होते. त्याच 2002 मध्ये रस्तेदुरुस्तीचा पाव सेंट मात्र मंजूर झाला. त्यामुळे ‘स्टेडियमांनी बस खाल्ली’ हे जे नेहमी ऐकू येते, ते अर्धेच खरे आहे. आधी मोटारवाल्या मतदारांनी बस नाकारली, स्टेडियम त्या मोकळ्या जागेत नंतर शिरली.

ती शिरली 2004 मध्ये. काउबॉइजसाठी पुन्हा अर्धा सेंट, शिवाय हॉटेलांवर 2 टक्के आणि भाड्याच्या मोटारींवर 5 टक्के. शहराचा वाटा 32.5 कोटी डॉलर. 2009 मध्ये उघडझाप होणाऱ्या छपराचे हे 80 हजार आसनांचे स्टेडियम उभे राहिले. 2010 च्या बास्केटबॉल ऑल-स्टार सामन्याला तिथे 1,08,713 माणसे जमली. पुढच्या वर्षी सुपर बोलला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याला, मात्र फजिती झाली. आठवडाभराच्या बर्फवृष्टीनंतर छपरावरून घसरलेल्या बर्फाने काही माणसे जखमी झाली. शिवाय प्रेक्षकसंख्येचा विक्रम करण्याच्या नादात बसवलेली साधारण 1,250 तात्पुरती आसने वेळेत तपासून झाली नाहीत, आणि तिकीट हातात असलेले सुमारे 400 प्रेक्षक जागेविना राहिले.

2016 मध्ये हाच कर आणखी एका मैदानासाठी पुढे चालू ठेवला गेला. 1994 चे बेसबॉल मैदान जेमतेम बावीस वर्षांचे होते, पण त्याला छप्पर नव्हते आणि संघाचा करार 2024 ला संपत होता. शहराने 50 कोटी डॉलरपर्यंतचा वाटा कबूल केला आणि वातानुकूलित ग्लोब लाइफ फील्ड 2020 मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी उरलेला पाव सेंट आर्थिक विकास महामंडळाला देण्याचा कौल मिळाला. डॉलरमागे सेंटांची बेरीज अशी: सर्वसाधारण कारभार 1, स्टेडियम 0.5, रस्ते 0.25, आर्थिक विकास 0.25. एकूण 2. डॅलसच्या डार्ट या वाहतूक संस्थेचे सभासद व्हायचे तर पूर्ण 1 टक्का द्यावा लागतो. तो आता आणायचा कुठून?

मग पर्याय काय उरतो? ट्रिनिटी रेल्वे एक्स्प्रेस ही डॅलस-फोर्ट वर्थ गाडी अर्लिंग्टनच्या उत्तरेकडून, शहराबाहेरून जाते. सर्वांत जवळचे स्थानक सेंटरपोर्ट. 2013 मध्ये तिथून टेक्सास विद्यापीठाच्या अर्लिंग्टन शाखेपर्यंत ‘मॅक्स’ नावाची एक बस चालू केली, ती 2017 अखेर बंद करून ‘व्हाया’ या शेअर व्हॅनची सेवा आणली. अॅपवर मागणी नोंदवायची, जवळच्या कोपऱ्यापर्यंत चालत जायचे, वाटेत आणखी प्रवासी चढतात. 2021 मध्ये ती शहरभर झाली, तेव्हा भाडे अंतरानुसार 3 ते 5 डॉलर होते. या पद्धतीची खोट गर्दीच्या वेळी दिसते. मोठ्या बसमध्ये दहा माणसे वाढली तरी खर्च तोच राहतो. इथे दहा माणसे वाढली की आणखी एक व्हॅन आणि ड्रायव्हर हवा, नाहीतर थांबण्याची वेळ वाढते. सुरुवातीच्या वेळापत्रकात रात्री नऊनंतर आणि रविवारी सेवाच नव्हती, आणि काउबॉइजचे बहुतेक सामने रविवारीच असतात. टेक्सास विद्यापीठाच्या अर्लिंग्टन शाखेत शिकायला येणाऱ्या मराठी मुलांनी म्हणूनच घर शोधताना भाड्याच्या आधी दोन अंतरे पाहावीत: वर्गापर्यंत चालत किती आणि किराणा दुकानापर्यंत चालत किती.