पार्श्वभूमी : बेळगावची प्रभाग समिती आणि वारंवार रिकामं झालेलं सभागृह

बेळगावात गटार तुंबलं, पथदीप बंद पडला किंवा रस्ता रुंदीकरणाची खूण घराच्या पायरीवर येऊन पडली, की माणसं आधी जमतात ती गल्लीच्या देवळात. पंच मंडळी बसतात, निवेदन लिहिलं जातं, खाली सह्या होतात आणि चार-दोन जण नगरसेवकाला सोबत घेऊन महापालिकेत जातात. कायद्यात या पंचांना कसलंही स्थान नाही. तरीही शहापूर, वडगाव, अनगोळ या भागांत लोकसहभाग म्हणून जे काही चालतं, ते बहुतेक याच वाटेनं.

कायद्याची वाट फार उशिरा आली. बेळगावची नगरपालिका 1851 सालची. 1956 मध्ये शहर मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं आणि 1984 मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. 1993 मध्ये 74वी घटनादुरुस्ती अमलात आली. तिनं तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या, पण त्यांची रचना राज्यांवर सोपवली. कर्नाटकाला हलायला पुढं बरीच वर्षं लागली. 2005 च्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात केंद्रानं निधीला अट घातली की राज्यांनी लोकसहभागाचा कायदा करावा. त्या अभियानाच्या शहरांत कर्नाटकातून बेंगळुरू आणि म्हैसूर होती, बेळगाव नव्हतं. अटीपोटी झालेला बदल मात्र 2011 मध्ये राज्यातल्या सगळ्या महापालिकांना लागू झाला. नगरसेवक अध्यक्ष आणि महापालिकेनं नेमलेले दहा सदस्य, अशी ही समिती. त्यांत किमान तीन महिला, दोन अनुसूचित जाती-जमातींचे आणि दोन रहिवासी संघटनांचे. प्रभागाच्या खाली एरिया सभा, म्हणजे त्या त्या भागातल्या मतदारांची सभा.

सदस्य नेमणार महापालिका आणि अध्यक्ष नगरसेवक, म्हणजे सभागृहच नसेल तर समितीला बूड नाही. बेळगावात नेमकं हेच वारंवार घडलं. 2005 मध्ये सभागृहानं महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनं महापालिका बरखास्त केली. सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधार्थ पाळल्या जाणाऱ्या 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनात महापौर-उपमहापौर सहभागी झाले म्हणून 2011 च्या अखेरीस पुन्हा बरखास्ती झाली, प्रभाग समिती कायद्यात आली त्याच वर्षी! पुढं 2019 मध्ये मुदत संपली, निवडणूक झाली सप्टेंबर 2021 मध्ये आणि महापौर निवडला गेला थेट फेब्रुवारी 2023 मध्ये. मधल्या काळात 58 प्रभागांचा कारभार प्रशासकाच्या हाती. या तिन्ही गोष्टींची कारणं वेगवेगळी असली, तरी गल्लीतल्या माणसाच्या वाट्याला आलं ते एकच : निवेदन कुणाच्या हाती द्यायचं, हा प्रश्न.

शिवाय मोठे निर्णय सभागृहात होतातच असं नाही. शहराचा मास्टर प्लॅन करते बुडा, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरण. तिचा अध्यक्ष सरकार नेमतं. जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगाव आलं. प्रस्तावासाठी नागरिकांची मतं मागवणं सक्तीचं होतं, पण कामं करायला वेगळी कंपनी स्थापन झाली. हलगा-मच्छे बायपास तर राष्ट्रीय महामार्गाचा. शहापूर-वडगाव शिवारातल्या शेतकऱ्यांना सुपीक भातजमिनीसाठी आधी रस्त्यावर आणि मग कोर्टात जावं लागलं. नियोजनाच्या टेबलावर त्यांना आधीच बसवलं असतं तर आखणी वेगळी झाली असती का, हे सांगता येत नाही; पण वाद इतका चिघळला नसता, असं मला वाटतं.

भाषेचं दुखणं याहून जुनं. 1963 च्या कायद्यानं कन्नड राजभाषा झाली. भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्रानं आखलेल्या संरक्षणांत, एखाद्या भागात ते 15 टक्क्यांहून अधिक असतील तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असं आहे. मराठी परिपत्रकांची सीमाभागातली मागणी याच आधारावर उभी आहे. राज्यघटनेच्या 350व्या कलमानुसार गाऱ्हाणं मराठीतूनही मांडता येतं. हरकत मात्र मुदतीत नोंदवावी लागते, म्हणून कन्नड सूचना हाती आली की वाचून सांगणारं गल्लीतलं कुणीतरी आधी गाठावं लागतं. बहुधा तो कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी असते.

निपाणी आणि खानापूर या गावांची लोकसंख्या तीन लाखांच्या जवळपासही नाही. त्यामुळं प्रभाग समित्यांची घटनेतली सक्ती तिथं लागू होत नाही.