तेलावर चालणाऱ्या घरगुती बॉयलरची देखभाल

तेल जाळून पाणी तापवणाऱ्या आणि ते पाणी किंवा त्याची वाफ नळांतून फिरवून घर उबदार ठेवणाऱ्या बॉयलरची वार्षिक सफाई, जुळणी, तपासणी व दुरुस्ती. अशी घरे मुख्यतः अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत, म्हणजे मेनपासून पेनसिल्व्हेनियापर्यंतच्या पट्ट्यात आढळतात. मेनमध्ये सुमारे निम्म्या घरांचे मुख्य इंधन तेल आहे. आयर्लंड बेटावर आणि ब्रिटनच्या ग्रामीण भागातही ही पद्धत रूढ आहे. गॅसची वाहिनी जिथे पोहोचली नाही तिथे विसाव्या शतकात कोळशाच्या जागी तेल आले आणि टिकले. पुढील वर्णन प्रामुख्याने न्यू इंग्लंडमधील, म्हणजे मेन, मॅसॅच्युसेट्स आदी सहा ईशान्य राज्यांतील, व्यवहाराला धरून आहे.

या देखभालीचे दोन भाग असतात, सफाई आणि मोजणी. सफाई डोळ्यांना दिसते म्हणून घरमालक तिलाच सर्व्हिस समजतात आणि घाईतले काही तंत्रज्ञही तेवढ्यावर थांबतात. तेलाची ज्योत मात्र डोळ्यांना फसवते. तेजस्वी, स्थिर दिसणारी ज्योतही काजळी धरत असू शकते किंवा बरीच उष्णता धुराड्यातून वाहून नेण्याइतकी जादा हवा ओढत असू शकते. उपकरणे लावून आकडे घेतल्याखेरीज सर्व्हिस पूर्ण झाली असे म्हणता येत नाही.

बर्नर आणि नोझल

बॉयलरचा प्राण बर्नरमध्ये असतो. एकाच मोटरवर पंप आणि पंखा बसवलेले असतात व आजच्या बर्नरमध्ये ती मिनिटाला सुमारे ३,४५० फेरे घेते. पंप तेल १०० ते १५० पौंड प्रति चौरस इंच दाबाने नोझलकडे ढकलतो. तिथून ते ठरावीक कोनाच्या शंकूत तुषार होऊन बाहेर पडते. पंख्याची हवा त्यात घुसळली जाते आणि दोन इलेक्ट्रोडमधील १०,००० व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाबाची ठिणगी ज्योत पेटवते. ज्योत लागली की नाही हे कॅड सेल पाहतो. कॅडमियम सल्फाइडच्या या लहानशा डोळ्याचा विद्युतरोध अंधारात खूप मोठा असतो आणि उजेडात दीड-दोन हजार ओहमच्या खाली येतो. ठरलेल्या वेळात, बहुधा १५ ते ४५ सेकंदांत, त्याला उजेड दिसला नाही तर नियंत्रक बर्नर बंद करतो.

नोझलवर तीन गोष्टी कोरलेल्या असतात: ताशी गॅलन, तुषाराचा कोन आणि तुषाराची जात, म्हणजे शंकू पोकळ की भरीव. उत्पादकाने त्या बॉयलरसाठी जे नोझल सांगितले असेल तेच बसवायचे. ताशी गॅलनचा आकडा १०० पौंड दाबाला धरून असतो आणि प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ०.८५ लिहिलेले नोझल १४० पौंड दाबावर ताशी जवळपास एक गॅलन तेल जाळते. पंपाचा दाब न मोजता नोझल बदलणारा तंत्रज्ञ बॉयलरला पेलणार नाही इतके तेल नकळत देऊन बसतो. महाराष्ट्रातल्या घरांत रॉकेलचा स्टोव्ह तुंबला की त्याला पिन मारत. इथे ते मुळीच चालत नाही. नोझलच्या आत तेलाला गिरकी देणाऱ्या अतिसूक्ष्म खाचा असतात. एक ओरखडा पडला तरी तुषार एका बाजूला झुकतो, ज्योत भिंतीला लागते आणि तिथे कोळशासारखा थर धरतो. म्हणून नोझल साफ करत नाहीत, दरवर्षी नवे बसवतात आणि बसवताना त्याच्या तोंडाला बोट लावत नाहीत.

वार्षिक सर्व्हिस

उन्हाळ्याचा शेवट हा योग्य काळ. ऑक्टोबरनंतर तंत्रज्ञ ‘घर तापत नाही’ अशा तक्रारींमागे धावत असतात.

चांगला तंत्रज्ञ आल्याबरोबर हत्यारे काढत नाही. आधी बॉयलर चालू करून धुराचे तापमान, ओढ (म्हणजे धूर वर खेचणारा चिमणीचा शोष) आणि काजळी मोजतो. वर्षभरात काय बिघडले ते हे आकडे सांगतात आणि सफाईनंतर ते पुन्हा मिळत नाहीत. मग आणीबाणीचे स्विच बंद करतो. हे स्विच सहसा तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी, लाल पट्टीवर असते. दिव्याचे बटण समजून कुणी ते बंद केल्याने घर गार पडल्याचे प्रकार नेहमी घडतात, म्हणून घर गारठले की आधी तेच पाहावे.

धुराची नळी उतरवून झटकतात. बॉयलरच्या पोटातील धुराच्या वाटा तारेच्या ब्रशने घासून व्हॅक्यूमने ओढून घेतात आणि चिमणीच्या तळाशी साचलेला ढीग काढतात. ज्वलनकक्षाचे अस्तर सिरॅमिक तंतूंचे असेल तर त्याला ब्रश किंवा नळीचे टोक लागू द्यायचे नाही. तापून ठिसूळ झालेले ते अस्तर सहज फाटते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते, त्यामुळे मुखपट्टी हवीच. जुन्या घरांत बॉयलर व नळांवरचा पांढरा लेप ॲस्बेस्टॉसचा असू शकतो. त्याला हात न लावता परवानाधारक कंत्राटदाराकडे सोपवावे.

पूर्वी या सफाईत पिवळट, पापुद्र्यांसारखा थर पुष्कळ निघे. तो तेलातील गंधकाचा. तापवण्याच्या तेलात एकेकाळी दशलक्ष भागांत दोन-तीन हजार भाग गंधक असे. न्यूयॉर्क राज्याने २०१२ साली ते १५ भागांवर आणले आणि २०१८ पर्यंत न्यू इंग्लंडची राज्येही तिथवर आली. एवढ्या एका बदलाने बॉयलरची पोटे कितीतरी स्वच्छ राहू लागली. त्याचा आधार घेऊन काही जण एक वर्षाआड सर्व्हिस पुरे म्हणतात. सफाईपुरते ते खरे असेल, पण इलेक्ट्रोडची झीज, फिल्टर तुंबणे आणि सुरक्षा नियंत्रणांचा बिघाड यांचा गंधकाशी संबंध नाही.

यानंतर टाकीजवळचा फिल्टर व पंपातली जाळी बदलतात, इलेक्ट्रोडमधील अंतर उत्पादकाच्या मापाप्रमाणे लावतात, पंख्याच्या पात्यांवरची लव काढतात आणि कॅड सेलची काच पुसतात. पंपाला व्हॅक्यूमचा मापक लावला की टाकीपासूनच्या वाटेत अडथळा आहे की कुठून हवा शिरते आहे ते कळते. बर्नर थांबल्यावर पंपाने तेल लगेच तोडले पाहिजे. तसे न झाल्यास नोझलमधून थेंब गळत राहतात आणि काजळी धरते. थांबताना आग धुमसल्याचा वास येत असेल तर बहुधा हेच कारण असते.

मोजणी

बर्नर दहाएक मिनिटे चालवून बॉयलर तापला की मोजणी सुरू होते आणि तिचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली ओढ. ज्योतीच्या वर पाण्याच्या स्तंभाचे उणे ०.०१ ते ०.०२ इंच एवढा हलका शोष असावा लागतो. धुराच्या नळीवरचे वजनाचे झुलते झाकण, म्हणजे बॅरोमेट्रिक डँपर, ती ओढ कायम ठेवते. ओढ ठरली नाही तर पुढचे आकडे वाऱ्यागणिक बदलतात.

दुसरी काजळी. हातपंपाने दहा वेळा धूर ओढून पांढऱ्या कागदातून गाळतात आणि उमटलेला डाग शून्य ते नऊ अशा मोजपट्टीशी ताडून पाहतात. शून्य किंवा पुसट खूण हवी. तिसरा कार्बन डायऑक्साइड. या तेलाच्या पूर्ण ज्वलनात तो सैद्धांतिकदृष्ट्या जास्तीत जास्त सुमारे १५ टक्के असू शकतो आणि प्रत्यक्षात ११ ते १२.५ टक्के चांगला मानतात. या दोन आकड्यांना वेगळे काढता येत नाही. हवा भरपूर सोडली की काजळी शून्यावर येतेच, पण कार्बन डायऑक्साइड आठ टक्क्यांवर घसरतो आणि तापलेली हवा चिमणीतून निघून जाते. म्हणून आधी हवा कमी करत पुसट काजळीपर्यंत यायचे, तिथला कार्बन डायऑक्साइड वाचायचा आणि मग तो एक ते दीड टक्क्याने उतरेल इतकी हवा वाढवायची. ही वाढीव हवा पुढच्या वर्षभरातील धूळ, थंडी आणि तेलातील फरक यांसाठी राखीव. हा छोटासा टप्पा गाळला तर ऑगस्टमध्ये उत्तम जळणारा बर्नर जानेवारीत काजळी धरतो.

शेवटी धुराचे तापमान व कार्बन मोनॉक्साइड पाहतात. धुराचे तापमान गेल्या वर्षीपेक्षा ४० अंश फॅरनहाइटने वाढले असेल तर ढोबळमानाने एक टक्का कार्यक्षमता गेली असे समजतात. हे सर्व आकडे तारखेसह बॉयलरला अडकवलेल्या कार्डावर लिहायचे. कार्ड कोरे असेल तर घरमालकाने ते भरून मागावे. तो त्याचा हक्क आहे.

रीसेटचे बटण

बर्नर बंद पडला की नियंत्रकावरचे लाल बटण दाबून तो पुन्हा चालू करता येतो. हे बटण एकदाच दाबावे. ठिणगी नसताना ते वारंवार दाबले तर प्रत्येक खेपेला तेल कक्षात साचत जाते आणि अखेरीस ठिणगी पडली की ते एकदम पेट घेते. या स्फोटाला पफबॅक म्हणतात. धुराची नळी उडते आणि तेलकट काजळी घरभर पसरून पडदे, कपडे, भिंती सगळ्यांना चिकटते. नवे नियंत्रक काही प्रयत्नांनंतर स्वतःला कुलूप लावून घेतात. ते कुलूप तंत्रज्ञानेच, कक्षातले तेल पाहून, उघडायचे असते.

पाण्याची बाजू

गरम पाण्याच्या बॉयलरमध्ये थंड असताना दाब साधारण १२ पौंड असतो. एवढ्या दाबाने पाणी २७ फुटांपर्यंत चढते आणि दुमजली घराला ते पुरते. दाब ३० पौंडांवर गेला की सुरक्षा झडप उघडते. ती ठिबकू लागली तर बऱ्याचदा प्रसरण टाकीतला, म्हणजे तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतला, पडदा फाटलेला असतो. झडप बदलून प्रश्न सुटत नाही आणि तिचे तोंड बंद करणे प्राणघातक आहे. गळतीमुळे सतत नवे पाणी आत येत राहिले तर त्यातला ऑक्सिजन लोखंड खातो.

वाफेच्या बॉयलरला घरमालकाचा हात आठवड्याला लागतो. पाणी कमी झाल्यास बर्नर तोडणारे नियंत्रण गाळाने तुंबू नये म्हणून त्याची झडप उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत गढूळ पाणी सोडावे लागते. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी दिसेनासे झाले आणि बॉयलर तापलेला असला तर पाणी भरू नये. बंद करून निवू द्यावा, नाहीतर बिडाचे भाग तडकतात.

टाकी

तळघरातली नेहमीची टाकी २७५ गॅलनची, म्हणजे सुमारे १,०४० लिटरची असते. भरताना बाहेर ढकलली जाणारी हवा एका शिटीतून जाते आणि तेल शिटीच्या नळीपर्यंत चढले की आवाज थांबतो. टँकरवाला बाहेर उभा राहून त्या आवाजावरच कान ठेवतो. शिटी वाजलीच नाही तर त्याने तेल सोडायचे नाही. हा नियम फार मोलाचा आहे, कारण टाकी काढून टाकली पण भिंतीबाहेरचे भरण्याचे तोंड तसेच राहिले, आणि टँकरने शेकडो गॅलन तेल थेट तळघरात ओतले, असे प्रकार घडलेले आहेत. गॅसवर जाताना ते तोंड आणि नळी काढणे म्हणूनच अनिवार्य आहे.

टाकी गंजते ती आतून. तेलातून सुटलेले पाणी तळाशी बसते आणि त्याच्या कडेने जिवाणूंचा गाळ वाढतो. टाकी पूर्ण रिकामी होऊ दिली तर हा गाळ नळीत ओढला जातो. न्यू जर्सीत जुन्या घरांच्या अंगणात पुरलेल्या टाक्या हा वेगळाच प्रश्न आहे. गळणाऱ्या टाकीने बिघडलेली माती साफ करण्याचा खर्च मालकावर येतो. त्या राज्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी जुने घर घेण्यापूर्वी जमिनीतील टाकीचा शोध घेणारी तपासणी जरूर करून घ्यावी.

तेलाच्या खपातूनही बॉयलरची प्रकृती कळते. पुरवठादार दिवसाच्या सरासरी तापमानाची ६५ अंश फॅरनहाइटशी असलेली तूट रोज मोजतो. सरासरी २५ अंश असेल तर ४० ‘डिग्री-डे’. एका गॅलनमागे किती डिग्री-डे निघतात तो त्या घराचा के-फॅक्टर. तो ५ असेल तर असा दिवस ८ गॅलन तेल घेतो. हिवाळ्याच्या मध्यात हा आकडा विनाकारण घसरला, म्हणजे तेवढ्याच थंडीला जास्त तेल लागू लागले, तर सर्व्हिसची तारीख येण्याची वाट पाहू नये.

परवाने आणि सुरक्षा

मॅसॅच्युसेट्स, मेन अशा राज्यांत तेल-बर्नरचे काम करण्यासाठी राज्याचे प्रमाणपत्र किंवा परवाना लागतो. ब्रिटन व आयर्लंडमध्ये ऑफ्टेक ही संस्था तंत्रज्ञांची नोंदणी करते. तिथे रॉकेल जाळतात, बॉयलर पुष्कळदा घराबाहेरच्या खोलीत असतो आणि धुरातली वाफ निववून तिची उष्णताही वापरणाऱ्या नव्या संघनक बॉयलरमध्ये आम्लयुक्त पाण्याचा सापळा साफ करण्याचे जादा काम येते.

मॅसॅच्युसेट्समध्ये २००५च्या जानेवारीत साचलेल्या हिमाने घराबाहेरचे धुराचे तोंड बुजले आणि सात वर्षांच्या मुलीचा कार्बन मोनॉक्साइडने मृत्यू झाला. त्याच वर्षी राज्याने इंधन जाळणाऱ्या घरांत या वायूचा अलार्म सक्तीचा केला. भिंतीतून धूर सोडणारा बॉयलर असेल तर हिमवर्षावानंतर त्याच्या तोंडापुढचे हिम काढणे हे घरमालकाचे काम आहे, आणि ते अंगणातली वाट मोकळी करण्याआधी व्हायला हवे.

बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या साहाय्याने घरात आणणाऱ्या उष्मापंपांमुळे चित्र बदलते आहे. मेनने २०१९ साली एक लाख उष्मापंप बसवण्याचे उद्दिष्ट २०२५ साठी ठेवले आणि ते २०२३ मध्येच गाठले. अनेक घरांत तेलाचा बॉयलर आता फक्त कडाक्याच्या थंडीपुरता उरला आहे. असा बॉयलर महिनोन्‌महिने थंड पडून राहतो, दमट तळघरात त्याचे लोखंड गंजते आणि टाकीतले तेल दोन-तीन हिवाळे तसेच राहते. त्याची सर्व्हिस तेल किती जळले यावर न ठेवता वर्षावर ठेवावी लागते, आणि उन्हाळ्यातही तो अधूनमधून चालवून पाहावा लागतो.